जिरायती माळाची शाळा

आमच्या भागातल्या मुलांना बारामती-इंदापूरचा नकाशा काढायला सांगितला, की ती आधी नीरेचा डावा कालवा काढतात. मग कारखाने येतात: सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर. वरच्या अंगाला भीमा आणि उजनीचं निळं पाणी येतं, पुणे-सोलापूर रस्ता येतो, एमआयडीसी येते. कालव्याचं पाणी जिथे पोचलं नाही, तो सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडीकडचा भाग मात्र कोरा राहतो. फार तर कुणी तिथे मोरगावचं देऊळ काढतं.

मी त्या कोऱ्या भागातला. आमच्या आबांची मेंढरं होती. मी शिकलो, मास्तर झालो आणि याच जिरायती पट्ट्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झालो. माळावर नेऊन मुलांना जे शिकवलं, त्यातून माझी एक खात्री झाली. माळाला कोरं ठरवण्याचाही एक इतिहास आहे. तो इतिहास आमच्याच तालुक्यात घडला आणि शाळेनेही त्याला हातभार लावला. म्हणून लांडगा, चिंकारा, गवत शिकवायचं तर हा इतिहासही त्याच माळावर उभं राहून शिकवला पाहिजे.

सुरुवात घोड्यांपासून करू. भीमेच्या काठचा हा मुलूख एके काळी तट्टांसाठी नावाजलेला होता. भीमथडीचं तट्टू अंगाने लहान, खुराला टणक आणि थोड्या चाऱ्यावर लांबचा पल्ला मारणारं. मराठी फौजांच्या चपळाईची कीर्ती झाली, तिच्यात या तट्टांचा वाटा मोठा होता. या जातीची आता राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र नोंद झाली आहे, हे ऐकून मला फार बरं वाटलं. पण घोडा वाढतो गवतावर. जिथे नावाजलेली जनावरं निपजतात, तिथे चांगलं गवत असलंच पाहिजे. त्या काळी गवत ही राखायची वस्तू होती. कुरणात पावसाळ्यात जनावर शिरू नये म्हणून राखण बसे आणि गवत पिकलं की कापणी होई. ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात ज्वारी एखाद्या वर्षी दगा देते, पण गवत दोन सरींवरही उठतं. हे तेव्हाच्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

याच गवतावर धनगरांचा वर्षाचा फेरा बेतलेला होता. पावसाळा पूर्वेच्या माळावर काढायचा आणि दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरता तळ, मावळाकडे, कोकणाच्या दिशेने हलवायचा. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची आणि खताच्या मोबदल्यात धान्य घ्यायचं. ग्युंटर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्याची बरीच वर्षं घालवून धनगरांचे देव, ओव्या आणि त्यांच्या वाटा यांचा अभ्यास केला. त्यांनी टिपलेल्या त्या जगात माळ मध्यभागी आहे. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा हे देव याच मोकळ्या रानात नांदतात.

मग मोजणी आली. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि १८२८ पासून प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात जमिनी मोजून सारा बसवायला सुरुवात केली. तो सारा लोकांना झेपला नाही. इंदापूर तालुक्यात जमिनी ओस पडल्या, कुळं परागंदा झाली. ती घडी नीट बसवण्यासाठी गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी १८३५-३६ मध्ये नवी पद्धत सुरू केली, आणि तीही आधी इंदापूर तालुक्यातच. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला कायमचं रूप आलं आणि ती मुंबई इलाखाभर पसरली. आज सर्व्हे नंबर म्हणून आपण जे बोलतो, त्याची मुळं अशी आमच्या तालुक्यात आहेत. इतिहासाच्या पुस्तकात मुलांना हे सापडत नाही, म्हणून मी ते त्यांना कुदळ हातात देऊन सांगत असे.

या पद्धतीत जमिनीची प्रतबंदी करायची ती अशी. मातीचा पोत आणि रंग पाहून ३ वर्ग करायचे: बारीक पोताची काळी, तिच्याहून भरड तांबूस आणि खडे-मुरमाची बरड. मग खोली मोजायची. पावणेदोन हातांपासून पाव हातापर्यंत ती उतरत जाते. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. पोत आणि खोली यांच्या मेळातून ९ प्रती ठरत. पहिल्या प्रतीची किंमत १६ आणे धरायची आणि शेवटच्या प्रतीची २ आणे. त्यावर सारा ठरे. सारा बसवण्यापुरती ही पद्धत चोख होती. पण तिने जमिनीला एकच प्रश्न विचारला: पीक किती येईल?

नववीच्या वर्गाला घेऊन मी ही प्रतबंदी पुन्हा करायचो. प्रत्येक गटाने माळावर एक खड्डा घ्यायचा. वरचा थर बोटभर, तांबूस, मुळांनी घट्ट विणलेला. त्याखाली मुरूम लागतो आणि लगेच कुदळ खणकन वाजते. मुलं खड्ड्यात हात उभा धरतात, तर अर्धा हातही आत जात नाही. कोष्टक काढून बघितलं की जमीन तळाच्या प्रतीत जाते. मुलं म्हणतात, "सर, ही तर २ आण्याची." मग मी सुतळीची १ मीटर लांब, १ मीटर रुंद चौकट तिथेच अंथरायला लावायचो. आत किती प्रकारची झाडोऱ्याची पानं दिसतात ती वेगळी करा, नाव येत नसेल तर चित्र काढा. श्रावण-भाद्रपदात त्या चौकटीत कुसळी, पवन्या, मारवेल, मधेच रानशेंगांचे वेल, जमिनीला चिकटून वाढणारी इवल्या फुलांची झुडपं निघतात. मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. शेजारच्या उसाच्या फडात हीच चौकट टाकली, तर मोजदाद दोन-चार नावांवर आटोपते. प्रतबंदीचा कागद आणि चौकटीचा कागद मुलं शेजारी शेजारी वहीत चिकटवतात. जमिनीला दुसरा प्रश्न विचारला की दुसरं उत्तर मिळतं, हे मला त्यांना वेगळं सांगावं लागत नसे.

प्रतबंदीनंतर सारा हलका झाला आणि ओस जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या. नांगर हळूहळू गवताच्या जमिनीवरही चढला. ३० वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये फेरआकारणी झाली, तीही पहिल्यांदा इंदापूरलाच, आणि सारा चांगलाच वाढला. त्यात कापसाचे भाव पडलेले आणि सावकाराचे कागद डोक्यावर. १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी सुप्यात लोकांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जरोखे जाळले. दख्खनच्या दंग्यांची सुरुवात म्हणून इतिहास ज्या सुप्याचं नाव घेतो, त्याच सुप्याच्या शिवारात आज चिंकाऱ्यांचं अभयारण्य आहे. या दोन गोष्टी मुलांना मी एकाच तासाला सांगायचो. गवताची जमीन मोडली, की तिच्यावर जगणारी माणसं आणि जनावरं दोन्ही अडचणीत येतात, हे त्यातून उमगतं.

पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ पडला. त्यानंतरच्या दशकात नीरेचा डावा कालवा निघाला आणि १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागलं. भाटघरचं धरण १८९२ मध्ये पुरं झालं. कालव्याने एका तालुक्याचे दोन तालुके केले, बागायती आणि जिरायती. बागायतीत ऊस, गूळ, पुढे साखर कारखाने, वालचंदनगर. जिरायतीत बाजरी, मटकी, मेंढरं आणि दुष्काळी कामांच्या हजेऱ्या. लग्न ठरवतानाही "कालव्याखालचं आहे का?" हा प्रश्न आधी येई. अशा हवेत वाढलेल्या मुलाला आपल्या माळाची थोडी लाज वाटावी, यात त्याचा काय दोष?

त्या काळात लांडग्याचाही भाव ठरला होता, पण तो मेलेल्या लांडग्याचा. इंग्रज सरकार हिंस्र जनावरं मारणाऱ्याला बक्षीस देई. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणे १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत हिंदुस्थानात ८० हजारांहून जास्त वाघ, दीड लाखांहून जास्त बिबटे आणि २ लाख लांडगे मारले गेले. तिघांत सर्वांत मोठा आकडा लांडग्याचा आहे. मुलं तो फळ्यावर लिहून घेतात आणि विचारतात, मग आपल्याकडे तो राहिला कसा? याचं एक उत्तर धनगरांच्या वाड्यात सापडतं.

आमच्या आबांना लिहिता येत नव्हतं. लांडग्याने कोकरू नेलं की घरात हळहळ व्हायची, शिव्याही दिल्या जायच्या. पण माग काढून, बीळ शोधून पिलं मारायला आबा कधी गेले नाहीत. "रानात ऱ्हायचं तर त्याचाबी घास धरूनच मेंढरं राखायची," असं ते म्हणत. त्यांची राखण कुत्री, काठी, वाघर आणि जागरण यांवर चाले. वाघर म्हणजे मेंढरांभोवती रात्री उभी करायची जाळी. ती लावताना ते वारा बघत, कारण लांडगा वाऱ्याच्या खालच्या अंगाने येतो. एक लांडगा समोर येऊन कुत्र्यांना लांब ओढून नेतो आणि दुसरा मागून येतो, म्हणून सगळी कुत्री एका बाजूला धावली की माणसाने उलट्या बाजूला बघायचं. चांदण्या रात्री तरस कुठल्या ओढ्याने फिरतो, खोकडाचं बीळ कोणत्या उताराला असतं, कोणत्या गवतात फुरसं बसतं, हे पोराला आठ-दहा वर्षांचा होईतो अंगवळणी पडलेलं असे. चुकलं तर कोकरू जाई, म्हणून शिकवणी कडक होती. हायस्कूलच्या वयाच्या मुलांना रानात नेऊन निसर्ग शिकवायचा, ही कल्पना आता नवी म्हणून सांगितली जाते. आमच्या माळावर ती पिढ्यान्पिढ्या चालत आली होती. फक्त तिचं प्रमाणपत्र मिळत नसे.

या शिकवणीतली एक गोष्ट मी थेट प्रयोगवहीत आणली. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त आणि खोलगटात घातली तर कमी, असं आमच्याकडे सगळे शेतकरी सांगतात. माळटिटवीचं घरटं म्हणजे खड्यांमधला जरासा खळगा. त्यात साधारण ४ अंडी, खड्यांच्याच रंगाची आणि ठिपक्यांची. पायाशी असली तरी दिसत नाहीत. उन्हाच्या तडाख्यात पक्षी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतो आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देतो. मुलांनी घरट्याजवळ जायचं नाही, लांबून दुर्बिणीने बघायचं आणि जागा उंच की सखल एवढं लिहायचं. नंतर तालुक्याच्या पावसाचा आकडा शेजारी मांडायचा. म्हातारी माणसं सांगतात ते हसण्यावारी न्यायचं नाही आणि डोळे मिटून मानायचंही नाही, वहीत उतरवून तपासायचं. विज्ञानाची याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. घरी आजोबांना विचारून आलेलं मूल दुसऱ्या दिवशी वर्गात ताठ मानेने बोलतं, हा लाभ वेगळाच.

शाळा मात्र बराच काळ उलट दिशेने चालली होती. १९५० मध्ये क. मा. मुनशी यांनी देशात वनमहोत्सव सुरू केला आणि झाड लावणं हा शाळेचा संस्कार झाला. १९७२ च्या दुष्काळाने आमच्या भागात पाण्याची आणि सावलीची ओढ आणखी वाढवली. रोजगार हमीच्या कामांवर पाझर तलाव खोदले गेले, उघड्या टेकड्या सगळ्यांच्याच डोळ्यांत खुपू लागल्या. १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण विभाग निघाला. शाळांमधून रोपवाटिका तयार झाल्या. सुबाभूळ, निलगिरी, गिरीपुष्प अशी भराभर वाढणारी रोपं पिशव्यांतून मुलांच्या हाती आली. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेची पथकं आली. १ जुलै २०१६ रोजी राज्यात एका दिवसात २ कोटी झाडं लावण्याचा कार्यक्रम झाला आणि पुढच्या वर्षांत लक्ष्याचे आकडे चढतच गेले. शाळांच्या रांगा माळाकडे निघाल्या, कारण मोकळी जागा तिथेच होती.

झाड लावणाऱ्या मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं आणि त्याच्या गुरुजींच्याही नव्हतं. गावात, बांधावर, रस्त्याकडेला, ओढ्याच्या काठी झाड हवंच. पण माळाचं गणित निराळं आहे. चिंकारा नजरेवर आणि पायांवर जगतो. दूरवर दिसलं पाहिजे आणि धावायला मोकळं पाहिजे. धाविक पक्षी उघड्या जमिनीवर पळत किडे टिपतो. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी रात्री गवतात जमिनीवरच मुक्काम करतात. चंडोलाचं घरटं गवताच्या बुडाशी असतं. तिथे चर खोदले की बोटभर मातीचा तो विणलेला थर फाटतो. दाट झाडी झाली की गवत मरतं आणि मग वरची सगळी साखळी निखळते. भीमेपलीकडे कर्जत-श्रीगोंद्यापासून सोलापूरच्या नान्नजपर्यंत १९७९ मध्ये माळढोकासाठी मोठं अभयारण्य जाहीर झालं होतं. तो पक्षी आज महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. शिकार, शेती, विजेच्या तारा, बांधकामं अशी त्याची अनेक कारणं आहेत, आणि मोकळ्या गवताळ जमिनीची कुणाला किंमत वाटली नाही, हे त्यातलं मोठं कारण आहे. विंगेटच्या कोष्टकात जो माळ तळाला गेला होता, तो वृक्षारोपणाच्या यादीतही रिकामी जागा म्हणूनच आला.

कायद्याचं आणि अभ्यासक्रमाचं वळण हळूहळू बदललं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडगा आणि चिंकारा यांना संरक्षण दिलं. बक्षिसाच्या यादीतलं जनावर संरक्षणाच्या यादीत आलं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा असा निर्णय दिला आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा आदेश दिले. पुस्तक आलं, गुण आले, प्रकल्पवह्या आल्या. पण प्रकल्पवहीत मुलं वाघ आणि हत्ती यांची चित्रं चिकटवत राहिली. शाळेच्या मागे दीड कोसावर लांडगा असताना वहीत वाघ असावा, याचं मला फार वाईट वाटे.

१९९७ मध्ये सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. मोठ्या अभयारण्यांच्या तुलनेत हे नखाएवढं, पण शाळेच्या दृष्टीने हा आकार सोन्यासारखा आहे. एका सकाळी मुलं चालत त्याची ओळख करून घेऊ शकतात. चिंकाऱ्याच्या मादीलाही छोटी शिंगं असतात, तो ठरावीक जागीच लेंड्या टाकतो, त्यामुळे त्या ढिगांच्या जागा नकाशावर मांडता येतात, हे सगळं तिथे प्रत्यक्ष बघता येतं. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर पाणी सोडतात, तिथल्या ओल्या चिखलात रात्रीचा सगळा येण्याजाण्याचा हिशेब उमटलेला असतो.

उत्तरेकडे उजनीची गोष्ट वेगळी, पण धडा जवळचा. १९६६ मध्ये पायाभरणी होऊन १९८० मध्ये धरण पुरं झालं. ११७ टीएमसीच्या त्या पाण्यात गावं गेली, पळसदेवचं जुनं देऊळ गेलं. पाणी ओसरलं की ते अजून वर येतं. पाणी उतरताना उघड्या पडणाऱ्या उथळ काठावर रोहित पक्षी येऊ लागले आणि भिगवण, कुंभारगाव, डिकसळची नावं पक्षीप्रेमींच्या तोंडी आली. ज्यांची शेतं बुडाली, त्यांच्यातले काही मासेमारीकडे वळले आणि त्यांची पुढची पिढी होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवू लागली. भादलवाडीच्या तलावातल्या बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत होते. इंदापुरात तर तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाक घरटी करतात. खाली लोक दाखल्यांसाठी रांगेत उभे आणि वर पिलं भरवणं चालू. मुलांना नेऊन मी विचारायचो: पक्षी इथेच का आले, मासे कुठून आणतात, चिंच तोडली तर काय होईल? उत्तरासाठी त्यांना होडीवाल्याला, कचेरीतल्या शिपायाला, मासळी बाजारातल्या बाईला विचारावं लागे. मारुती चितमपल्ली यांनी पक्षीकोशात मराठी नावांचा खजिना गोळा करून ठेवला, त्याचा तेव्हा फार उपयोग झाला. आपल्या भाषेत नाव असलं, की चौकशीला तोंड फुटतं.

माळावर नेल्यावर सगळ्यात आधी मी कुसळ हातात द्यायचो. दिवाळीनंतर कुसळी पिकते आणि तिची कुसळं पायजम्यात, मोज्यात, मेंढीच्या लोकरीत घुसतात. सगळ्यांचा राग तिच्यावर. एक कुसळ घ्यायचं. टोकाला टोकदार बी, बीवर उलटे केस आणि मागे लांब, पिळलेली शेपटी. ते तळहातावर ठेवायचं आणि शेपटीवर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडायचा. क्षणभर काही होत नाही. मग शेपटी हलते, पीळ सुटायला लागतो आणि कुसळ तळहातावर स्वतःभोवती फिरतं. मुलं ओरडतात, काही जणी हात झटकतात. वाळलं की पीळ पुन्हा चढतो. दिवसाचं ऊन आणि रात्रीचं दव यांच्या आळीपाळीत हे बी असंच फिरत फिरत स्वतःला जमिनीत रोवतं, आणि उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. बोटभर मातीच्या मुलखात पेरणी कशी करायची, हे त्या गवताने साधलेलं आहे. ज्या मुलीने आयुष्यभर कुसळं उपटून फेकली, ती त्या दिवशी चार कुसळं वहीच्या पानात जपून घरी नेते.

त्यानंतर माग. ओढ्याच्या वाळूत ठसा सापडला की आधी मोजपट्टी आणि नंतर प्लास्टर. पुठ्ठ्याची कडी ठशाभोवती बसवायची, प्लास्टर ऑफ पॅरिस ताकासारखं सैल कालवून हळू ओतायचं आणि ते कडक होईपर्यंत बसून राहायचं. तोवर वाद घालायचे. ४ बोटं आणि नखांची टोकं उमटली आहेत, म्हणजे मांजराच्या कुळातलं नाही. पुढचा पंजा मागच्याहून ठळक मोठा, म्हणजे बहुधा तरस. लांबट आणि मधली दोन बोटं पुढे गेलेली, तर लांडगा असू शकेल, पण मोठ्या कुत्र्याचा ठसाही फसवतो. तेव्हा एका ठशावर निकाल द्यायचा नाही, चालीची रेघ बघायची, आसपासची विष्ठा बघायची. तरसाची वाळलेली विष्ठा हाडांच्या चुन्याने पांढरी पडते. लांडग्याच्या विष्ठेत केस सापडतात. ती हाताने उचलायची नाही, काडीने उलगडायची. बिळाजवळ जायचं नाही, वनखात्याची परवानगी असल्याशिवाय वनजमिनीत पाऊल टाकायचं नाही, बूट घातल्याशिवाय गवतात शिरायचं नाही. हे नियम मुलं माझ्याहून काटेकोर पाळत.

लांडगा आणि कुत्रा यांच्या ठशांतली ही गफलत आता मोठ्या प्रश्नाचं रूप घेऊन आली आहे. २०२३ मध्ये पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. 'द ग्रासलँड्स ट्रस्ट' ही पुण्याची संस्था आणि 'एट्री'सारख्या संस्थांचे शास्त्रज्ञ त्यामागे होते. कुत्र्यांकडून लांडग्यांना रोगही लागतात. कोंबड्यांच्या शेडवरची मेलेली कोंबडी माळावर टाकली जातात, त्यांवर कुत्री पोसतात आणि तिथेच लांडगा, तरसही येतात. हा सगळा गुंता गावातल्या मुलांना उलगडता येण्यासारखा आहे. आपल्या वस्तीवर कुत्री किती, त्यांतल्या कितींना लस टोचली, मेलेली जनावरं कुठे टाकतात, एवढी पाहणी नववीचा वर्ग आठवडाभरात करू शकतो आणि ग्रामपंचायतीपुढे मांडू शकतो. भारतातला लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या फार जुन्या शाखेतला आहे, असं अलीकडचे अभ्यास सांगतात. तो टिकेल का, हे काही अंशी आमच्या गावच्या उकिरड्यावर ठरणार आहे.

२०२३ मध्येच वनखात्याने कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. स्थानिक तरुण वाटाडे झाले. शहरातून माणसं पैसे मोजून आमचा माळ बघायला येतात, याचा गावाला अभिमान वाटू लागला आहे, आणि तो अभिमान मोलाचा आहे. पण गाडीतून दोन तास बघून माळ कळत नाही. तो ऋतूंनुसार पाहावा लागतो. जेठात तो भाजलेला असतो, श्रावणात हिरवा, मार्गशीर्षात सोनेरी. तेवढा वेळ ज्याच्याकडे आहे, तो पाहुणा नव्हे, इथला विद्यार्थी.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. बारामती आणि इंदापूरच्या जिरायती भागातल्या प्रत्येक हायस्कूलने वनखात्याशी बोलून माळाचा एक तुकडा अभ्यासासाठी ठरवून घ्यावा. आठवीच्या वर्गाने त्याची नोंदवही सुरू करावी आणि दहावीला जाताना ती पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. सुतळीची चौकट, टिटवीची घरटी, पाणवठ्यावरचे माग, पावसाचे आकडे, कुत्र्यांची पाहणी, एवढं त्यात असलं तरी पुरे. वृक्षारोपणाचा दिवस जरूर करावा, पण खड्डा कुठे घ्यायचा हे त्या वहीत बघून ठरवावं. आणि वर्षातून काही तास तरी मेंढरं राखणाऱ्या माणसाला वर्गात मानाने बोलवावं, त्याला रीतसर मानधन द्यावं, कारण या विषयाचा आमच्यापेक्षा जुना शिक्षक तो आहे.

अशी वही २० वर्षं चालली, तर या माळाचा पहिला असा दस्तऐवज तयार होईल, जो सारा वसूल करण्यासाठी लिहिलेला नसेल. इंदापूरच्या जमिनीची प्रतबंदी एकदा परक्यांनी केली आणि तिचे परिणाम आम्ही पावणेदोनशेहून अधिक वर्षं भोगले. पुढची नोंद आमच्या मुलांनी करावी. ते करण्याची अक्कल, पाय आणि डोळे त्यांच्यापाशी आहेत. शाळेने त्यांना फक्त फाटकाबाहेर नेलं पाहिजे.